वेष्टनातला राक्षस

राक्षसाच्या पुस्तकाला मी डोकं टेकवलेलं आहे. एकदा नाही, चांगले चार दिवस, ओल्या केसांनी, हात जोडून. वर "पोरीला बुद्धी दे" असं मागितलंही आहे. हसू नका. आमच्या घरात सून म्हणून आला असतात तर तुम्हीही टेकवलं असतं.

भादवा लागला की मला हे आठवतं. शेलूबाजारात आमच्या दुकानासमोर नवा मूग वाळायला पडतो. जीपवाले त्याला वळसा घालून जातात आणि वळसा घालताना हॉर्न मारून आपली नाराजी कळवतात. उघडीप पडली की ऊन असं चटकतं की पाठीवर कोणी तवा धरलाय म्हणावं. शेतात सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, आणि दुकानात येणारा प्रत्येक माणूस आभाळाकडे बघून मगच साखर मागतो. त्यातच आमचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस हिरवी भाजी बंद, दिवस मावळायच्या आत जेवणं, आणि सकाळपासून घरभर उकळलेल्या पाण्याचा वास. पाण्याला वास नसतो म्हणणाऱ्यानं आमच्या स्वयंपाकघरात यावं.

आम्ही जैन. गावात आमची घरं मोजकीच, पण प्रत्येक घरात पोथ्यांची एक फळी असते. प्रत्येक पोथी कापडात गुंडाळलेली. त्या कापडाला वेष्टन म्हणतात. रोज आंघोळ झाली की फळीला डोकं टेकवायचं. उघडत मात्र कोणी नाही. फक्त या दहा दिवसांत मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यातली एखादी पोथी काढायला लावतात आणि भिंग धरून वाचतात, डोळे दमले की माझ्याकडून वाचून घेतात.

तीन वर्षांपूर्वीचा भादवा. पर्वाचा पाचवा दिवस. मामाजी म्हणाले, "सुनबाई, ते केसरी वेष्टन काढ बरं. लय दिवस झाले, त्या पोथीले हात लावला नाई."

फळीवर केसरी वेष्टनं दोन निघाली. मी वरचं घेतलं. हाताला जरा गुबगुबीत लागलं, पण पोथी जुनी झाली की फुगते, म्हणून मनावर घेतलं नाही. चौरंगावर ठेवलं, गाठ सोडली, नमस्कार केला आणि उघडलं.

पानभर एकच चित्र. मांडी घालून बसलेला एक प्राणी, अंगानं माणसासारखा, तोंड मात्र कानापर्यंत फाटलेलं. त्याच्या हातात माणसाचा हात होता. कोपरापासून तुटलेला. बोटं शाबूत, एका बोटात अंगठी. भाजलेलं कणीस खावं तसा तो तो हात खात होता, निवांत, कडेकडेनं.

"वाच," मामाजी डोळे मिटून म्हणाले.

अगं माय वं! काय वाचू? खालच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात फक्त हाड मोडल्याचा आवाज लिहिला होता, तोही इंग्रजीत.

"मामाजी, ही... ही ते नाई," मी म्हणाले. "ही दुसरीच हाय."

पुस्तक पदराखाली घेतलं आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ज्या घरात बटाटा उंबरठ्याच्या आत येत नाही, गाळल्याशिवाय पाणी कोणी पीत नाही, मुंगी दिसली तर हातातला झाडू थांबतो, त्या घराच्या पोथ्यांच्या फळीवर माणसं खाणारे! आणि मी त्यांच्याकडे बुद्धी मागत होते.

कोणाचं काम हे विचारायची गरज नव्हती. घरात इंग्रजी पुस्तकं वाचणारी एकच, माझी निधी. सोळा पूर्ण, अकरावीला, रोज जीपनं मंगरूळपीरला कॉलेजात जायची. तिची मैत्रीण मुस्कान, तिच्या पुण्याच्या मावसभावाकडून ही जपानी चित्रांची पुस्तकं आलेली. हे सगळं मला नंतर कळलं. पर्वाआधी घराची साफसफाई निघाली तेव्हा निधीनं एकेक पुस्तक वेष्टनात गुंडाळून फळीवर सारलं होतं. पोरगी हुशार. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तिनं बरोबर हेरली होती. नमस्कार सगळेच करतात, गाठ कोणी सोडत नाही.

आणि त्या क्षणी निधी होती देवळात, पूजेला बसलेली. कारण निधीचा त्या दिवशी पाचवा उपास होता.

हे नीट सांगायला हवं. त्या वर्षी निधीनं दहाच्या दहा दिवसांचे उपास घेतले होते. दिवसाकाठी फक्त उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. एवढ्याशा पोरीनं असं तप धरलं की आमच्यात केवढं कौतुक होतं! देवळात माइकवर नाव पुकारतात. दहाव्या दिवसानंतर वाजतगाजत मिरवणूक निघते, मामा-मावश्या साड्या घेऊन येतात. माझी नणंद कारंज्याहून रोज फोन करून विचारायची, "कशी हाय वं आमची तपस्विनी?" आणि मी आतून पुरीसारखी फुगायची. खोटं काहून बोलू?

निधी एरवीही गुणाचीच. होळीपासून तिनं एक नेम धरला होता. आपल्या ताटातल्या पोळ्या ती कागदात बांधून न्यायची आणि फाट्यावरच्या गाईला घालायची. आधी एक पोळी, मग दोन, मग सगळ्याच. "मी जीपमधे खाईन डब्बा," म्हणायची. मी गल्लीभर सांगत फिरायची, आमच्या निधीच्या मनात लय दया. काही मागत नाही, हट्ट नाही, समजदार हाय. दुकानात तुरीच्या डाळीला भोक पडलं तर मला वासावरून कळतं. पोटच्या पोरीचे गाल बसले ते दिसलं नाही.

तर त्या दिवशी मला राग आला होता. असा राग, की आता देवळातून येऊ दे, हिची चांगली वरात काढते. पण ती यायला अवकाश होता, आणि हातात पुस्तक होतं. मामाजींसमोर दुसरं केसरी वेष्टन ठेवलं, मागच्या गोदामात गेले, डाळीच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, बसले आणि उघडलं. पुरावा गोळा करायला, असं मनाला सांगितलं.

आधी तर काही केल्या लागेना. मेलेला माणूस पुढच्या पानावर चालताना दिसे. मग ध्यानात आलं, हे उर्दू पुस्तकासारखं उजवीकडून वाचायचं. म्हणूनच मुस्कानला ते आधी जमलं असणार. माझं इंग्रजी बी.कॉम.चं, पुढची वीस वर्षं साबणाच्या खोक्यांवर टिकवलेलं. पण त्या पुस्तकाला इंग्रजी फारसं लागत नव्हतं. डोळे पुरत होते.

काय काय दाखवलं होतं, बाप्पा! बर्फातलं एक गाव. त्यात हे खाणारे माणसांत मिसळून राहतात. भूक लागेपर्यंत ओळखू येत नाहीत. एक शाळामास्तर वर्गाची हजेरी घेतो आणि संध्याकाळी हजेरीतला एक कमी होतो. एक नवरा बायकोचे केस विंचरता विंचरता... नाही, ते मी सांगत नाही. मला त्या पानावर मळमळलं. पुस्तक पालथं घातलं, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन तेच पान सरळ केलं. याचं मला अजून नवल वाटतं. शिसारी येत होती आणि हात पान उलटत होता. फळीवरची बाकीची गुबगुबीत वेष्टनंही मी उचलून आणली. सात भाग निघाले.

त्यात एक मुलगी होती. नाव जपानी, माझ्या जिभेला वळेना, म्हणून मी तिला चिमी म्हणायला लागले. चिमी त्या खाणाऱ्यांचीच पोर. तिचे आईबाप शिकाऱ्यांनी मारले. एका म्हाताऱ्या जोडप्याला ती बर्फात सापडली, त्यांना वाटलं अनाथ लेकरू, त्यांनी घरी आणली. आता चिमीला माणसाशिवाय दुसरं काही पचत नाही. भात तिच्या तोंडात रेतीसारखा. पण या दोघांना खायचं नाही असं तिनं ठरवलंय. ती रोज त्यांच्यासोबत जेवायला बसते, हसते, घास उचलते, आणि नजर चुकवून तो बाहीत टाकते. मग नदीवर जाऊन सगळा भात माशांना घालते. म्हातारी शेजारणीला सांगते, आमची पोर किती गुणाची, मुक्या जिवांची किती माया!

त्या पानाच्या कडेला, माशांच्या चित्राशेजारी, पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठीत एकच शब्द लिहिलेला होता. "मी."

अक्षर निधीचं.

मी ते पान किती वेळ बघत होते ठाऊक नाही. बाहेर कोणीतरी "वहिनी, अर्धा किलो गूळ" म्हणून ओरडून ओरडून गेला. हात खाणारा राक्षस बघून मी घाबरले होते. या शब्दानं मात्र मी आतून थंड पडले. फाट्यावरची ती गाय डोळ्यांसमोर आली. होळीपासूनच्या पोळ्या आल्या. विंचरताना फणीत येणारे केसांचे पुंजके, भर उन्हाळ्यात अंगावर ओढलेली चादर, "पोट भरलं माहं" म्हणून उठून जाणं, सगळं एकदम आलं. आणि मागल्या वर्षीच्या एका लग्नात मीच चार बायकांसमोर म्हणाले होते ते, "निधे, आता आवर बरं तोंड, घागरा बसाचा नाई." सगळ्या हसल्या होत्या. निधीही हसली होती.

माझं माहेर केनवडचं. लहानपणी आम्ही भावंडं या दिवसांत एकवेळ जेवून राहायचो. दुपारनंतर आमचा सगळा गप्पांचा विषय म्हणजे उद्या काय खायचं. पुरणाची पोळी किती, तूप किती, कोण किती हाणेल. उपाशी लेकरू खाण्याच्याच गोष्टी करतं. पाच दिवसांत निधीनं खाण्याचं एक अक्षर काढलं नव्हतं, आणि आम्ही त्याला वैराग्य समजत होतो. आमच्या घरात काय खायचं नाही याची यादी सगळ्यांना पाठ. कोण खात नाही, हे कोणी विचारलंच नाही.

निधी देवळातून आली तशी मी तिला हाताला धरून दुकानात नेलं आणि पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. ती म्हणाली, "मम्मी, काय करून राह्यली तू? लोक पाह्यतात." आकडा सांगत नाही. मी रोज कट्टे मोजते, माझ्या हाताला वजन कळतं. पण हे वजन मला कळेना. मी काट्याला चापट मारली, बिघडला असेल म्हणून. काटा बरोबर होता. गल्ल्यावर बसलेले निधीचे पप्पा उठून उभे राहिले.

घरात त्या दुपारी जे झालं त्याला भांडण म्हणतात. मी म्हटलं, हा उपास आत्ता सुटला पाहिजे. निधीचे पप्पा म्हणाले, "देवासमोर नेम घेतला तिनं. मधातच तोडाचा? पाच दिवस राह्यले, मंग नेऊ डाक्टरकडे."

"पाच दिवसांत पोरगी हातची जाईन!"

"लोक काय म्हनतीन याचा तं इचार कर."

"लोकाईले चुलीत घाला! हा नेम देवाचा नाई. पोरगी सहा महिन्यांपासून जेवत नाई, समजून राह्यले का तुमी?"

आणि मी सगळ्यांसमोर पुस्तक टाकलं. मामाजींसमोर, चौरंगावर. आता जे व्हायचं ते होवो. मामाजींनी आयुष्यात एकही पर्व सोडलेलं नाही. आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढं कोणी जात नाही. त्यांनी भिंग उचललं. चिमीचं पान होतं. बराच वेळ ते भिंग पानावर फिरत होतं.

"हे पोरगी जेवत काहून नाई?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ती राक्षसाची पोर आहे. ती जेवली तर माणूस मरतो. म्हणून उपाशी राहते.

"मंग इचा उपास खरा," मामाजी म्हणाले. भिंग खाली ठेवलं. दाराशी उभ्या असलेल्या निधीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज चिरकला. "पन तू कोनाले खाल्लं वं, माय? तू कायले मरतं?"

मामाजी उठले, भिंतीचा आधार घेत देवघरापर्यंत गेले आणि हात जोडून म्हणाले, "हिचा नेम मी सोडून राह्यलो. दोष लागला तं मले लागो." एवढंच. पन्नास वर्षं नियमानं जगलेला माणूस, त्याला ते सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही.

पण नेम सुटला म्हणून पोरगी जेवत नाही. मुगाचं पाणी करून वाटी घेऊन मी तिच्यासमोर बसले, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. माझं पुस्तक काहून उघडलं, हाच तिचा राग.

"पोथी समजून उघडलं," मी म्हटलं. "चार दिवस डोकं टेकवलं मी त्या मेल्याले. बुद्धी मागितली त्याच्याजवळ."

तिचे खांदे हलले. मला वाटलं रडते. हसत होती. हसता हसता मग रडायलाच लागली. म्हणाली, "जेवलं का मले वाटते मम्मी, मीच तो हाय. तोंड फाटलेला. सगळे माह्याकडेच पाह्यतात असं वाटते. नाई जेवलं तं चांगलं वाटते. तुमीही चांगलं म्हनता."

तुमीही चांगलं म्हनता. सात भाग राक्षस वाचून जे झालं नाही ते या वाक्यानं झालं. माफी मागायला शब्द लागतात, ते सापडेनात. वाटी तशीच हातात, पाणी निवत चाललेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "चिमीचं पुढं काय होते?"

"कोन चिमी?"

"हेच तुही माशावाली. सातव्यात तं ते नदीत पडते. मरते का?"

"माहीत नाई. आठवा भाग आला नाई अजून. दिवाळीनंतर येते म्हने."

"मंग दिवाळीलोक तं राह्य ना वं माय," मी म्हटलं. हे मी विचार करून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं. "आठवा येऊ दे. दोघी मिळून पाहू."

तिनं वाटीतलं तीन घोट पाणी घेतलं. तीनच. मला मिरवणुकीचे सगळे बँड त्या तीन घोटांवरून ओवाळून टाकावेसे वाटले.

तीन घोटांनी कोणी बरं होत नाही. पुढची गोष्ट फार लांब आणि फार कंटाळवाणी आहे. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई, गोळ्या, दर पंधरवड्याला काळी-पिवळी जीपनं चकरा. त्या बाईंनी मला सांगितलं, हा आजार आहे, नखरा नाही आणि तपही नाही. मी म्हटलं, हो. आणि घरी येऊन तासभर रडले. देवळात काही बाया विचारायच्या, "अर्ध्यातच सोडला व्हय?" मी सुरुवातीला मान खाली घालायची. नंतर नंतर "हो, सोडला" म्हणून बुंदीचा डबा पुढं करायला शिकले. निधी चार दिवस जेवायची, सहा दिवस भांडायची. एकदा ताट भिंतीवर फेकलं. एकदा मला म्हणाली, तूच राक्षस हाय. मी म्हटलं, असीन, पन हे पोळी खा.

दिवाळीनंतर आठवा भाग आला. मग नववा. आमच्या दोघींची भांडणं व्हायची, आधी कोण वाचणार यावरून. मी हळूहळू या माणसं खाणाऱ्यांत पार मुरले. भीती गेली असं नाही. अजूनही काही पानांवर मी हात ठेवून पुढं जाते. पण एक कळलं. ज्यानं कोणी हे काढलं, त्यानं सगळ्यात भयंकर चित्र रक्ताचं काढलेलंच नाही. सगळ्यात भयंकर चित्र आहे एका ताटाचं, भरलेलं ताट, समोर हसणारी पोर, आणि आजूबाजूला खूश होऊन बघणारी प्रेमळ माणसं. ते पान आलं की मी अजून दचकते. त्यात मी आहे ना.

मामाजी गेल्या वर्षी गेले, शांतपणे. फळीवरच्या सगळ्या पोथ्यांच्या गाठी आता मी वर्षातून एकदा सोडते, वाचते, जमेल तेवढं समजून घेते. निधी अमरावतीला शिकते. आता घरी आली आहे, पर्वासाठी. ती उपास करत नाही. तिचा नेम वेगळा आहे, दोन्ही वेळा ताटावर बसायचं, आणि खोटं बोलायचं नाही. आमच्या देवळात असल्या नेमाचं नाव माइकवर पुकारत नाहीत. एकदा ताट अर्धं ठेवून उठली परवा. "आज नाई जमत, मम्मी," म्हणाली. मी रात्रभर कूस बदलत राहिले. हे असंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून बरीच वर्षं असंच राहील.

आज सकाळी कुरिअरवाला मुगाला वळसा घालून आला आणि एक पुडकं देऊन गेला. मी ते फोडलं. चौदावा भाग. शेवटचा. वर तसं लिहिलंच होतं.

इतकी वर्षं मी मनात धरून होते, पुढचा भाग येईतोवर पोरगी राहील. आता पुढचा नाही. आणि चिमी मेली असेल तर? ज्या जपान्यानं तो हात कणसासारखा खायला लावला, तो काय दयामाया दाखवणार आहे? मी पुस्तक गल्ल्याखाली सारावं की काय अशा विचारात होते. तोवर निधी आतून आली. तिनं पुस्तक पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

तिनं पुस्तक उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि माझ्या हातात दिलं.

"तूच वाच आगुदर," ती म्हणाली. "मले भूक लागली."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी पुस्तक उघडलं नाही. पोळ्यांच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज येतो का, ते ऐकत गल्ल्यापाशी उभी राहिले. आला.